ओंजळभर कापसाची जाळी

मृग लागला होता आणि दुकानात उभं राहायला जागा नव्हती. माझं बियाण्याचं आणि औषधांचं दुकान आहे. ज्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात असं दुकान पाहिलेलं नाही, त्याला सांगून समजणार नाही. आमच्या मोताळा तालुक्यात लग्नाच्या पंगतीला होत नाही तेवढी रेटारेटी कपाशीच्या पाकिटांसाठी होते. आभाळात ढगाचा पत्ता नसतो आणि प्रत्येकाला उद्याच सरकी टोबून पेरणी उरकायची असते. अशा गर्दीत फोन वाजला. मजीदभाईंचा मुलगा सलीम बोलत होता. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला दोन पाकिटं काढून दिली. मागच्यालाही दिली. त्याच्या मागचा म्हणाला, "भाऊ, म्या मका मागतला होता." माझ्या हातात कपाशी होती. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की कोण गेलं ते. मी शटर ओढलं. भर सीझनात दुकान बंद करणारा दुकानदार आजच पाहिला, असं कोणीतरी म्हणालं. एरवी मी त्याला सोडला नसता, कारण माझी जीभ कोणाचं ऐकत नाही हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी कुलूप लावलं आणि निघालो.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर, माती झाली. मीही तीन मुठी माती टाकली. आता त्यांचा चाळिसावाही होऊन गेला. लिहायला एवढे दिवस का लागले, तर मजीदभाईंनी जाण्याआधी मला एक काम सांगितलं होतं आणि ते त्यांच्या जिवंतपणी माझ्याकडून झालं नाही. ते केल्याशिवाय त्यांच्यावर चार शब्द लिहिणं म्हणजे ढोंग झालं असतं. काम अवघड नव्हतं. आमच्या गावापासून रोहिणखेडपर्यंत जायचं आणि एक वाक्य बोलायचं. मला त्याला सतरा वर्षं लागली.

मजीदभाई पिंजारी. गाद्या-रजया भरणारं आमच्या गावात त्यांचं एकच घर. थंडीच्या तोंडाशी त्यांच्या ओसरीवरून पिंजणाचा आवाज सुरू झाला की बायका ट्रंकेतून जुन्या रजया काढायच्या. दिवसभर कापसात बसल्याने त्यांच्या भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं दिसायचं. आम्ही पंचविशीतच त्यांना म्हातारे म्हणून चिडवायचो आणि ते खोकत खोकत हसायचे. संध्याकाळी पाच वाजले की मात्र पिंजण खुंटीला जायचं, तोंडावर पाणी मारलं जायचं आणि मजीदभाई व्हॉलीबॉलच्या मैदानावर हजर. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. ते आमच्या टीमचे लिफ्टर, म्हणजे दुसऱ्याने मारावा म्हणून बॉल वर उचलून देणारे, आणि मी शूटर. मी मारलेला बॉल अख्ख्या गावाला दिसायचा. तो त्यांनी कुठे आणून ठेवला होता हे मला एकट्यालाच दिसायचं, आणि मी ते कधी कोणाला सांगितलं नाही. तरुणपणी माणूस असाच असतो, निदान मी तरी होतो.

मैदान म्हणजे गावाबाहेरची खळवाडी. ज्वारीची खळी उठली की ती जमीन अशी टणक आणि सपाट व्हायची की चुन्याच्या रेघा मारल्या, दोन खांब रोवले, झालं काम. प्रश्न असायचा जाळीचा, आणि जाळी मजीदभाई करायचे. ती विकत कधी आणलेली मला आठवत नाही. शेतात पहिली वेचणी होऊन सीतादही झाली, म्हणजे कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, की मजीदभाई उपरण्याची झोळी करून घरोघरी फिरायचे. ज्या घरातला माणूस खेळणार, त्या घराने ओंजळभर कापूस द्यायचा. कमी नाही आणि जास्तही नाही. पाटलाच्या घरची ओंजळ आणि दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाणाऱ्या घरची ओंजळ सारखीच. एकदा पाटलांनी कौतुकाने टोपलंभर कापूस काढून ठेवला, तर मजीदभाईंनी त्यातली एक ओंजळ घेतली आणि बाकीच्याची गादी भरून घ्या म्हणाले. तो कापूस ते पिंजायचे, त्यांची बायको जैतूनभाभी त्याचं सूत काढायच्या, मग दोघं मिळून दोरी वळायचे आणि जाळीचा जेवढा भाग मागच्या वर्षी झिजला असेल तेवढा नव्याने गाठायचे. कोणत्या घरचा कापूस जाळीत कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. माझ्या घरचा अगदी टोकाला, पुढे ते ज्या खांबाशी उभे राहायचे त्याच्याजवळ. आणि यातूनच गावाचा एक नियम झाला होता, कोणी लिहून न ठेवलेला. जाळीत ज्याचा कापूस, तोच खेळेल. कोणाचा मेहुणा पोलिसांच्या टीममध्ये खेळत असेना का, तो पाहुणा म्हणून बाजेवर बसून चहा प्यायचा आणि आमचा खेळ बघायचा.

पुढे गुडघ्याने दगा दिला आणि मजीदभाईंनी खेळणं सोडलं. मैदान सोडलं नाही. ते खांबाजवळ उभे राहू लागले, जाळीच्या वरच्या दोरावर तळवा टेकवून. आमच्याकडे तेव्हा शिट्टीवाला पंच नव्हता. व्हॉलीबॉलमध्ये खेळताना जाळीला अंग लागलं तर गुण समोरच्याचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण उडी मारून हात फिरवताना बोटाचं टोक जाळीला घासून गेलं तर ते बघणाऱ्याला दिसतही नाही. मजीदभाईंना ते दोरात कळायचं. कसं कळायचं, आणि कोणाचं बोट हे कसं कळायचं, देव जाणे. पण ते तोंडातून शब्द काढत नसत. फक्त त्या माणसाकडे बघायचे. डोळे वटारून नाही, अगदी साधं, पंगतीत वाढणारा 'आणखी पाहिजे का' म्हणून बघतो तसं. थांबायचे. मग तो माणूस म्हणायचा, "लागला," आणि बॉल जाळीखालून पलीकडे सरकवायचा. मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्हाला कळतं तर सांगून का टाकत नाही, उगाच खेळ खोळंबतो. ते म्हणाले, "म्या सांगतलं त ते माहं झालं. त्यानं सांगतलं त त्याचं राह्यते." मला तेव्हा ते नीटसं समजलं नाही. मी घाईत होतो, माझी सर्व्हिस होती.

आमचा नेहमीचा सामना रोहिणखेडशी. ते गाव मोठं, जुनं, जुन्या मशिदीचं. आम्ही लहान आणि म्हणून जास्त चिडखोर. जिंकणाऱ्याला गुळाची भेली. पण भेलीचीही रीत होती. जिंकणाऱ्यांच्या कप्तानाने ती दगडावर फोडायची आणि पहिला खडा हरणाऱ्यांच्या कप्तानाच्या हातावर ठेवायचा. तो त्याने खाल्ला की मग बाकीच्यांनी हात घालायचा. एका वर्षी अगदी शेवटच्या गुणावर रोहिणखेडचे कप्तान उत्तमराव उडाले आणि त्यांनी मारलेला बॉल आमच्या मधोमध आपटला. त्यांची माणसं नाचायला लागली. मजीदभाईंनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमरावांनी स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं, जणू त्या करंगळीनेच सगळा घोटाळा केला, आणि म्हणाले, "लागला ना राजा." तो सामना पुढे आम्ही जिंकलो. आमचा कप्तान म्हणून मी भेली फोडून पहिला खडा त्यांच्या हातावर ठेवला, त्यांनी तो तोंडात टाकला आणि गूळ तुमच्याकडचा असला तरी गोडी बरी आहे म्हणाले. त्या रात्रीचं जेवण सगळ्यांनी आमच्याच गावात केलं.

मग बीटी कपाशी आली. पहिली काही वर्षं सोन्याची गेली, हे नाकारून चालणार नाही. बोंडं अशी लगडायची की झाड वाकायचं. गावात स्लॅबची घरं झाली, मोटारसायकली आल्या, आणि माझं दुकानही त्याच वाऱ्यावर उभं राहिलं. पण कपाशी बांधापासून बांधापर्यंत गेली. ज्वारी गेली, ज्वारी गेली तशी खळी गेली, आणि खळवाडीवरही कोणीतरी नांगर घालून तासं पाडली. कापूस वेचला की तो वावरातूनच गाडीत भरून जिनिंगला जायचा, घरात यायचाच नाही. गाद्या फोमच्या आल्या. मजीदभाईंच्या ओसरीवर पिंजण खुंटीला टांगलेलं राहू लागलं आणि ते दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जाऊ लागले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाले, "सुधाकर, एवढा कापूस म्या जिंदगीत पाह्यला नाई, अन् ओंजळभर मागाले गेलो त कोनाच्या घरी नाई."

त्या भरभराटीत मला बुद्धी सुचली. एका बियाणे कंपनीचा माणूस नेहमी दुकानात यायचा, त्याच्याशी बोलून मी स्पर्धा ठरवली. शाळेच्या पटांगणात मोठा मंडप, लाउडस्पीकर, रोख बक्षीस, उंच स्टुलावर बसणारा तालुक्याचा पंच, रंगीत बनियनी आणि बाजारातून आणलेली नायलॉनची निळी जाळी. मैदानाच्या मागे पडद्याएवढा बॅनर, त्यावर बोंडाचं चित्र आणि खाली माझ्या दुकानाचं नाव. एवढा खर्च करून हरायचं कसं? म्हणून बाहेरून तीन खेळाडू आणले. चांगली पोरं होती, कुठल्याही गावाकडून खेळायची. उरलेल्या तिघांत मी होतो, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पोट आत ओढून. सकाळी मजीदभाई आले, त्या तिघांकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यायचा कापूस कोनता?" मी हसलो. भाई, जाळी आता नायलॉनची आहे, म्हणालो. ते "हाव, ते बी खरं हाये" म्हणाले आणि आपल्या नेहमीच्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हटकलंही नाही. पंचाला वाटलं, गावातलं कोणीतरी वयस्कर माणूस आहे, उभा राहू द्या.

अंतिम सामना रोहिणखेडशीच पडला. त्यांनी बाहेरचं कोणी आणलं नव्हतं, तीच सहा घरची माणसं, कप्तान उत्तमराव. शेवटच्या गुणापर्यंत बरोबरी. बॉल माझ्यासाठी उचलला गेला आणि मी जीव खाऊन उडालो. मारला, पडला, आणि हात खाली येताना माझ्या मनगटाला नायलॉनचा गार स्पर्श झाला. अगदी पुसट. पंचाची शिट्टी वाजली, गुण आमचा. मी मान वळवली, कारण इतक्या वर्षांची सवय. मजीदभाई माझ्याकडे बघत होते. तळवा दोरावर. तसंच साधं बघणं... थांबणं. मी तोंड उघडलंही असावं. पण त्यांच्या मागे तो बॅनर होता, त्यावर माझं नाव, आणि मंडपातून माणसं धावत येत होती. मी मनात म्हणालो, पंचाने पाहिलं नाही तर मी कोण सांगणारा? हे वाक्य मला त्या दिवसाआधी कधी सुचलं नव्हतं. नंतर मी ते कितीतरी मैदानांवर कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकलं. मी त्या बाहेरच्या पोराच्या गळ्यात पडलो. पुन्हा पाहिलं तेव्हा मजीदभाईंनी हात दोरावरून काढला होता आणि ते तो सदऱ्याला पुसत होते. त्या दिवशी भेली नव्हती. रोख बक्षिसाचं पाकीट होतं, फोटो होता.

ते मला काही बोलले नाहीत. कोणालाच काही बोलले नाहीत. शुक्रवारची नमाज झाली की माझ्या दुकानात चहाला यायचे, तसेच येत राहिले. नातवाचं, पावसाचं, खोकल्याचं बोलायचे. मैदानावर मात्र परत गेले नाहीत. मी वाट बघत होतो की हा माणूस एकदा मला शिव्या घालेल आणि मोकळा करेल. नाही घातल्या. आणि मग हिवाळा आला. नायलॉनची जाळी असूनही त्यांनी उपरण्याची झोळी केली, आणि जुन्या खेळणाऱ्यांच्या घरी ओंजळ मागत फिरले. शाळेमागच्या पडीक जागेत आठ-दहा हौशी माणसं जुन्या जाळीवर खेळायची, त्यांच्यासाठी. माझी बायको मंदा, तिने ओंजळभर कापूस सुपात काढून ठेवला होता, आमची चार एकर कपाशी आहे. संध्याकाळी ती म्हणाली, "मजीदभाई शेजारी येऊन गेले, आपल्याकडं काऊन नाई आले?" मी म्हणालो, विसरले असतील, वय झालं. ते सूप आठ दिवस तिथंच होतं. मग तिने तो कापूस दिव्याच्या वातींना घेतला. पुढच्या वर्षी तिने काढून ठेवला नाही आणि मलाही काही विचारलं नाही.

माणसाला मारलेलं सोसतं, न मागितलेलं सोसत नाही. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, एवढंसं मनगट लागलं, त्याला किती वर्षं धरून बसायचं? जगात काय काय चाललंय! आणि दुसरीकडे दर शुक्रवारी त्यांचा चहा येण्याआधी मी दोनदा रस्त्याकडे बघायचो. माफी मागायला जीभ वळत नव्हती. एरवी ती कुठेही वळते.

दरम्यान दिवस फिरले. बोंडअळी परत आली, आणि ज्या बोंडांवर आम्ही माजलो होतो ती फोडली की आत किडा. मी विकलेल्या पाकिटांनी झालेली घरं मी पाहिली होती, आता त्याच घरांना लागलेली कुलुपं बघू लागलो. आमचा दुसरा शूटर दिगंबर सुरतेला गेला, कोणी पुण्याला. स्पर्धा मात्र वाढल्या. गल्लोगल्ली ट्रॉफ्या, प्रत्येक टीममध्ये चार माणसं बाहेरची, आणि गुणागुणाला भांडण. लोक पोरांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. ज्याचं वावर त्या वर्षी हातचं गेलं, त्याच्या हातात चांगली उडी आणि चांगला हात एवढंच उरतं. त्याने तो विकला तर कोणत्या तोंडाने बोलायचं? त्याच्यापुढे बक्षीस असतं, आमच्यापुढे गूळ होता, आणि गुळावर खेळायला पोट भरलेलं लागतं हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. पण मी तर पोट भरलेला होतो. माझ्याकडे कसलीच सबब नव्हती, हे मला रोहिणखेडच्या रस्त्यावरून जाताना दर वेळी आठवायचं.

या उन्हाळ्यात मजीदभाईंची छाती फार भरली. जन्मभर नाकात गेलेला कापूस, डॉक्टर म्हणाले, तो कुठे जाणार. बुलढाण्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा सलीम औषध आणायला खाली गेला होता. ते उशांना टेकून बसले होते आणि त्यांचा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता, तळवा टेकवून. तो हात बघितला आणि माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "भाई, त्या दिवशी लागला होता."

कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ श्वास जमवत राहिले. मग म्हणाले, "मले काऊन सांगतं? पॉइंट माहा होता का?"

मी खाटेच्या कडेला बसलो.

"ज्यायचा होता त्यायले सांग. रोहिणखेड काई विलायतेत नाई." आणि मग थोडं हसून, "म्या तं तवापासून थांबूनच राह्यलो, सुधाकर."

मी याच आठवड्यात जातो म्हणालो. मग लग्नसराई होती. मग बियाण्याचा माल यायचा होता. मग मृग लागला... आणि फोन वाजला.

चाळिसाव्याला जेवणं झाल्यावर जैतूनभाभींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. खुंटीवर पिंजण होतं आणि त्याच्या शेजारच्या खुंटीला ती जाळी, घडी करून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. मी ती सतरा वर्षांत हातात घेतली नव्हती. भाभींनी ती माझ्यासमोर चटईवर उलगडली. मऊ, पिवळसर झालेली, ठिकठिकाणी नवी-जुनी दोरी. आणि टोकाला, खांबाजवळच्या भागात, हातभर जागा सुतळीने भरलेली. खरखरीत, काळपट, किराणा दुकानातली सुतळी. भाभी म्हणाल्या, "हे जागा तुमच्या घरची हाये भाऊ. झिजली तशी सुतळी लावली त्यायनं. म्या म्हणलं, दुसऱ्या कोनाचा कापूस घाला. नाई म्हणे. सुधाकर देईल."

मी तिथे बसून रडलो. सांगायला लाज वाटत नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांनी मला जाळीतून काढून टाकलं. त्यांनी जागा धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक भेली घेतली आणि रोहिणखेडला गेलो. उत्तमराव आता पासष्टीचे, ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होते. मला वाटलं, बियाण्याच्या तक्रारीवरून मी आलोय असं त्यांना वाटेल, कारण गेल्या वर्षी उगवण कमी झाल्याची त्यांची तक्रार होतीच. मी भेली समोर ठेवली आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. त्या फायनलला, शेवटच्या गुणाला, माझं मनगट जाळीला लागलं होतं. त्यांनी चष्मा काढला. ते हसतील असं मला वाटत होतं, किंवा कोणती फायनल म्हणून विचारतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. ते म्हणाले, "त्या दिवशी मजीदभाई तुह्याकडं पाहून राह्यले होते, ते मले दिसलं होतं. मले वाटलं, आता सांगतं हा." डाळीतला खडा काढून त्यांनी खाली टाकला. "तू नाई सांगतलं. मंग आमच्या पोरायनं म्हणलं, ते बाहेरचे आणतेत, लागलेलं दाबून खेळतेत, आपुनच काऊन मरा? दुसऱ्या साली आमी बी आणले. म्या कप्तानी सोडली."

ते आवाज न चढवता बोलत होते, त्यामुळे मला कुठे बघावं ते कळेना. माझं मनगट फक्त जाळीला लागलेलं नव्हतं, एवढं मला त्या ओट्यावर समजलं. मी म्हणालो, चुकलो. हे तिथं म्हणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, आणि सतरा वर्षं कशाला लावली याचं नवल वाटलं. उत्तमरावांनी घरातून वरवंटा मागवला, भेली आपल्याकडे ओढली आणि फोडली. जोर पुरत नव्हता, तीन ठोके लागले. मग त्यातला एक खडा उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः न खाता थांबले. मला आधी उमगेना. मग आठवलं. पहिला खडा हरणाऱ्याचा. मी खाल्ला, तेव्हा त्यांनी आपला घेतला. "आता खेळ झाला," ते म्हणाले.

उरलेला गूळ कागदात बांधून त्यांनी मजीदभाईंच्या घरी द्यायला दिला. मी तसाच जैतूनभाभींकडे गेलो. कुठून आणला हे त्यांनी विचारलं नाही. एक खडा तोंडात टाकला, दोन सलीमच्या मुलांना दिले. मग जाळी काढली, कात्री घेतली आणि माझ्यासमोर बसून एकेक गाठ कापून ती सुतळी सगळी काढून टाकली. टोकाला हातभर भोक पडलं. "कापूस फुटला की आणजा," म्हणाल्या. "ओंजळभरच आणजा."

जाळी आता त्यांच्या खोलीत खुंटीला आहे, तशीच उघडी. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून वावरात एक चक्कर मारतो. कपाशीला आत्ता कुठे पात्या लागल्या आहेत, त्यांची फुलं होऊन दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतील. मंदाने सूप धुऊन वाळत घातलं आहे.